हृदयाच्या वाटेवरील अडसर

१९२९ सालची गोष्ट. जर्मनीत बर्लिनपासून फार दूर नाही असे एबर्सवाल्डे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील इस्पितळात वेर्नर फोर्समान नावाचा पंचवीस वर्षांचा एक तरुण डॉक्टर उमेदवारी करीत होता. विद्यार्थिदशेत त्याने एका पुस्तकात एक चित्र पाहिले होते. एक घोडा उभा आहे. त्याच्या मानेतील शिरेतून एक लांब नळी आत सरकवलेली आहे आणि तिचे टोक थेट त्याच्या हृदयात पोहोचले आहे, असे ते चित्र होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील दोन शास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला होता. त्या चित्राने फोर्समानच्या मनात घर केले. घोड्याच्या बाबतीत जे शक्य झाले, ते माणसाच्या बाबतीत का होऊ नये, असा प्रश्न त्यास पडला.

त्या काळी जिवंत माणसाच्या हृदयास हात लावणे म्हणजे मृत्यूस निमंत्रण देणे, अशीच बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. रोगी अगदी अत्यवस्थ झाला म्हणजे छातीतून लांब सुई खुपसून औषध हृदयात सोडीत. पण त्यात सुई भलतीकडेच लागण्याचे भय फार. त्याऐवजी हाताच्या शिरेतून एखादी मऊ नळी हळूहळू पुढे सरकवीत नेली, तर हेच काम अधिक निर्धोकपणे होईल, असे फोर्समानला वाटे. त्याने वरिष्ठांपाशी परवानगी मागितली. वरिष्ठांनी साफ नकार दिला. मग स्वतःवर तरी प्रयोग करू द्या, असे तो म्हणाला. त्यालाही नकारच मिळाला.

फोर्समान स्वस्थ बसला नाही. निर्जंतुक केलेली हत्यारे एका परिचारिकेच्या ताब्यात असत. तिला त्याने आपला मनोदय सांगितला. ती इतकी भारावून गेली की, प्रयोग आपल्यावरच करावा, असा तिने आग्रह धरला. फोर्समानने होकार दिला, तिला टेबलावर निजवले, हलू नये म्हणून पट्ट्यांनी बांधले आणि तिच्या हाताला आयोडीनही लावले. मग तिची नजर चुकवून त्याने आपल्या स्वतःच्याच डाव्या कोपराजवळची शीर उघडली आणि मूत्रमार्गाच्या उपचारांसाठी वापरतात तसली एक बारीक नळी तीत सरकवण्यास प्रारंभ केला. आपली फसगत झाली हे परिचारिकेच्या ध्यानात येईपर्यंत नळी बरीच आत गेली होती. तिच्या पट्ट्या सोडून, तिला बरोबर घेऊन, हातातून लोंबणारी नळी सावरीत तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला. एक सहकारी धावत आला आणि नळी ओढून काढू लागला. त्यालाही त्याने दाद दिली नाही. पडद्यावर उमटणारी आपल्याच छातीची छाया समोर धरलेल्या आरशात पाहत पाहत त्याने नळी पुढे ढकलली. सुमारे ६५ सेंटिमीटर नळी आत गेली, तेव्हा तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसू लागले. त्याने तत्काळ छायाचित्र काढवून घेतले. ते छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

वरिष्ठांची आज्ञा मोडणे आणि विश्वासाने पुढे आलेल्या परिचारिकेला फसवणे या दोन्ही गोष्टी काही अनुकरणीय नव्हेत. तथापि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याऐवजी त्याने स्वतःचा घातला, हेही तितकेच खरे. त्याच्या निबंधाची वैद्यकाच्या जगात प्रथम चेष्टाच झाली. पुढे बर्लिनच्या एका मोठ्या इस्पितळात त्याला नोकरी मिळाली. पण तीही टिकली नाही. अखेर हृदयाचा नाद सोडून तो मूत्ररोगांचा डॉक्टर झाला. इकडे न्यूयॉर्क येथे कूर्नां व रिचर्ड्‌स या दोन डॉक्टरांनी त्याचीच कल्पना उचलून हृदयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. १९५६ साली या दोघांबरोबर फोर्समानलाही नोबेल पारितोषिक मिळाले. एका लहान गावी रोग्यांच्या मूत्रपिंडांची चिकित्सा करीत बसलेल्या त्या माणसाला सत्तावीस वर्षांनंतर आलेली ही बातमी प्रथम खरीच वाटली नसेल.

अशा रीतीने हृदयापर्यंत जाण्याची वाट सापडली. या नळीला कॅथेटर म्हणतात. पण वाट सापडून उपयोग काय, हे समजण्यासाठी हृदयाकडे थोडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

हृदय हा आपल्या मुठीएवढा एक स्नायू आहे. दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा तो आकुंचन पावतो आणि दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरभर पाठवतो. रात्री आपण झोपतो. हृदय झोपत नाही. एवढे काम करणाऱ्या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. गंमत अशी की, आपल्या कप्प्यांतून सतत रक्त खेळत असूनही हृदयाला त्या रक्ताचा फारसा लाभ घेता येत नाही. हृदयाच्या बाहेरच्या अंगावरून वेलीप्रमाणे पसरलेल्या निराळ्या धमन्या आहेत. त्यांतूनच त्याचे पोषण होते. या धमन्या आरंभी तीनचार मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या काडीएवढ्याच रुंद असतात. वय वाढते, तसे काही माणसांच्या धमन्यांच्या भिंतींत मेद साचू लागतो. धूम्रपान, मधुमेह, वाढलेला रक्तदाब यांनी हे काम अधिकच वेगाने होते. धमनी अरुंद झाली म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही; पण तो चढण चढू लागला की हृदयाला अधिक रक्त हवे असते, ते मिळत नाही, आणि छातीत कळ येते. थांबले की कळ थांबते. हा झाला हृच्छूळ. एखादे वेळी मात्र भिंतीतील मेदाचा थर अकस्मात फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि धमनी पुरतीच बंद होते. पलीकडचा स्नायू मरू लागतो. याला हृदयविकाराचा झटका म्हणतात. हृच्छूळ व झटका यांतील हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पुढची सारी कथा त्याच्यावर उभी आहे.

धमनी कोठे अरुंद झाली आहे, हे बाहेरून दिसत नाही. ते दिसू लागले तेही एका चुकीमुळे. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स नावाचा डॉक्टर एका रोग्याच्या महाधमनीत क्ष-किरणांना दिसणारा द्रव सोडीत होता. नळीचे टोक नकळत हृदयाच्या धमनीत शिरले होते, आणि तो सारा द्रव त्या चिमुकल्या धमनीत गेला. क्षणभर हृदय थांबले. सोन्सने रोग्याला खोकण्यास सांगितले; खोकताच हृदय पुन्हा चालू झाले. आता मरेल असे ज्याच्याविषयी वाटले तो रोगी वाचला, आणि जिवंत माणसाच्या हृदयाच्या धमन्यांचे चित्र प्रथमच स्पष्ट उमटले. या परीक्षेला अँजिओग्राफी हे नाव आहे.

दिसलेला अडसर दूर करण्याचा मान अमेरिकेतील पोर्टलंड येथील चार्ल्स डॉटर याच्याकडे जातो. १९६४ च्या जानेवारीत त्याच्यापुढे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिच्या पायाची धमनी तुंबली होती, बोटे सडू लागली होती, आणि पाय कापावा लागेल, असे शस्त्रवैद्यांनी सांगितले होते. म्हातारी पाय कापू देईना. डॉटरने तिच्या धमनीतून प्रथम एक तार नेली आणि तारेवरून एकीपेक्षा एक जाड अशा नळ्या सरकवून अरुंद जागा रुंद केली. थंडगार पडलेला पाय ऊबदार झाला. त्यानंतर ती अडीच वर्षे जगली, आणि अखेरपर्यंत आपल्या दोन्ही पायांवर चालली.

अमेरिकेतील बहुतेक डॉक्टरांनी डॉटरकडे दुर्लक्ष केले. युरोपात मात्र त्याला एक चांगला शिष्य मिळाला. त्याचे नाव आन्द्रेआस ग्रुंट्झिग. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील इस्पितळात काम करणाऱ्या या जर्मन डॉक्टरला डॉटरच्या पद्धतीतील उणीव दिसत होती. जाड नळी आत घालायची तर तेवढेच मोठे छिद्र बाहेरून पाडावे लागणार. आणि हृदयाच्या नाजूक धमनीत तर तसली नळी चालणारच नाही. जाताना बारीक असावी, पण पोहोचल्यावर जाड व्हावी, अशी नळी हवी होती. म्हणजे फुगाच हवा. परंतु साधा रबरी फुगा येथे कामाचा नाही. फुग्याच्या मधोमध एक अंगठी अडकवून तो फुगवून पाहावा. अंगठीपाशी तो तसाच चिमटलेला राहतो आणि दोन्ही बाजूंना टम्म फुगतो. रबर जेथे विरोध नाही तेथेच पसरते! ग्रुंट्झिगला याच्या उलट गुण असलेला फुगा पाहिजे होता. ठरलेल्या आकारापर्यंत त्याने फुगावे, त्यापलीकडे तसूभरही फुगू नये, आणि वाटेतील अडसर मात्र जोराने बाजूला लोटावा.

असा फुगा बाजारात मिळत नव्हता. दिवसभराचे इस्पितळातील काम आटोपले की रात्री घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर हा प्रपंच मांडला जाई. पत्नी, इस्पितळातील साहाय्यिका आणि तिचा पती अशी चारपाच माणसे नळ्या कापीत, तापवीत, दोरा गुंडाळीत, डिंक लावीत बसत. कित्येक फुगे फुटले, कित्येक गळले. रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने पीव्हीसी या प्लॅस्टिकची माहिती दिली, तेव्हा कोठे मनासारखा फुगा तयार झाला. प्रथम पायांच्या धमन्यांवर, मग कुत्र्यांच्या हृदयावर त्याने प्रयोग केले. १९७६ साली अमेरिकेतील एका परिषदेत त्याने ही माहिती मांडली, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी माना हलवल्या.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे ३८ वर्षांच्या एका विमा विक्रेत्याच्या हृदयाच्या धमनीत ग्रुंट्झिगने आपला फुगा नेला. रोगी जागा होता. काही विपरीत घडले तर छाती उघडण्यासाठी शस्त्रवैद्य तयारीत उभे होते. दोनदा फुगा फुगवला आणि मिटवून बाहेर काढला. धमनी मोकळी झाली, रोग्याची कळ गेली. दहा वर्षांनी त्याच रोग्याची पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही ती जागा मोकळीच होती. दुर्दैवाने ते पाहण्यास ग्रुंट्झिग जिवंत नव्हता. १९८५ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, स्वतः चालवीत असलेले विमान कोसळून त्याचा अंत झाला होता. या उपचाराला अँजिओप्लास्टी म्हणतात. आपला पहिला रोगी बरा झाला म्हणून ग्रुंट्झिगने ढोल पिटला नाही. प्रत्येक रोग्याची नोंद ठेवा, वाईट निकालही लिहा, आणि छातीवरील शस्त्रक्रियेशी आपल्या पद्धतीची तुलना करून पाहा, असा त्याचा आग्रह असे. फुगा बनवण्यातील चातुर्याइतकीच ही गोष्ट मोलाची होती.

कारण सगळ्यांचीच धमनी त्या विमा विक्रेत्यासारखी मोकळी राहत नव्हती. काहींच्या धमन्या फुगा काढताच मिटत. आणि दर तीन रोग्यांपैकी सुमारे एकाची धमनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. विहीर खणताना भुसभुशीत जमीन लागली की कडा ढासळू नये म्हणून आतून बांधकाम करतात. तसाच आधार धमनीला द्यावा, अशी कल्पना निघाली. धातूच्या बारीक जाळीची ती नळी म्हणजे स्टेंट. मुळात स्टेंट हे लंडनमधील एका दंतवैद्याचे आडनाव. त्याने दातांचे ठसे घेण्यासाठी एक लगदा तयार केला होता, त्यावरून फिरत फिरत ते नाव हृदयापर्यंत येऊन पोहोचले. अर्जेंटिनात जन्मलेला हुलिओ पाल्माझ याने १९७८ साली ग्रुंट्झिगचे व्याख्यान ऐकले आणि तो जाळीच्या विचारास लागला. घरच्या मोटारखान्यात गवंड्याने टाकून दिलेला भिंतीच्या गिलाव्याखालच्या जाळीचा एक तुकडा त्याच्या दृष्टीस पडला. ताणली की जिची छिद्रे शंकरपाळ्यांसारखी उघडतात अशी ती जाळी होती. तिच्यावरून त्याने आपल्या स्टेंटची रचना केली. मिटलेली जाळी फुग्यावर बसवायची, फुगा फुगला की जाळी उघडते, फुगा काढला तरी ती उघडीच राहते. माणसाच्या हृदयाच्या धमनीत मात्र पहिला स्टेंट बसला तो १९८६ साली, फ्रान्समधील तुलूझ येथे. त्याची घडण निराळी होती.

१९९४ साली दोन मोठ्या परीक्षांचे निकाल आले. त्यांतील युरोपातील परीक्षेत ५२० रोगी होते. नुसत्या फुग्याने उपचार केलेल्यांपैकी शेकडा ३२ जणांची धमनी पुन्हा अरुंद झाली. स्टेंट बसवलेल्यांत हे प्रमाण शेकडा २२ होते. सुधारणा झाली, पण रोग पुरता हटला नाही. याचे कारण असे की, शरीर स्टेंटला जखम समजून त्यावर नवे अस्तर वाढवू लागते आणि ती वाढ कधी कधी प्रमाणाबाहेर जाते. या वाढीला आवर घालणारे औषध सापडले ते प्रशांत महासागरातील रापा नुई नावाच्या एकाकी बेटाच्या मातीत! १९६४ साली निघालेल्या कॅनडातील एका तुकडीने तेथील माती गोळा करून आणली. तीतील एका सूक्ष्म जीवापासून भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सेहगल व त्यांचे सहकारी यांनी ते औषध वेगळे केले. बेटाच्या नावावरून त्याला रापामायसिन असे नाव पडले. या औषधाचा लेप दिलेले स्टेंट १९९९ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये प्रथम बसवण्यात आले आणि पुढे जगभर पसरले. भारतात तर त्यांची मागणी इतकी वाढली की, २०१७ साली सरकारला त्यांच्या किमतीवर मर्यादा घालावी लागली.

येथवरची कथा ऐकली की वाटते, आता प्रश्न सुटला. नळ तुंबला, नळ साफ केला, पाणी वाहू लागले. मग तपासायचे काय राहिले?

नेमके हेच वाटणे घातक असते, हे वैद्यकाने एकदा फार महाग किंमत देऊन शिकले होते. १९५० नंतरच्या दशकात हृच्छुळावर एक निराळी शस्त्रक्रिया प्रचारात आली होती. छातीच्या आतल्या अंगाच्या दोन धमन्या बांधून टाकल्या की तेथील रक्त हृदयाकडे वळेल, असे तिच्यामागचे तर्कशास्त्र होते. कालव्याची एक फाटी बंद केली की दुसरीला पाणी वाढते, तसेच हे. रोगी बरे वाटल्याचे सांगत. कित्येकांची कळ खरोखरच कमी झाली. १९५९ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी एक विलक्षण परीक्षा केली. १७ रोग्यांपैकी आठ जणांच्या धमन्या त्यांनी बांधल्या. उरलेल्या नऊ जणांच्या केवळ कातडीला छेद देऊन ती परत शिवली. धमन्यांना हातच लावला नाही. कोणाचे काय केले, हे रोग्यांना ठाऊक नव्हते, आणि नंतर त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. निकाल काय लागला? दोन्ही गटांतील रोग्यांना सारखाच आराम वाटला! ज्यांची नुसती कातडी शिवली होती, तेही अधिक चालू लागले. म्हणजे गुण धमन्या बांधण्याचा नव्हता. मोठा उपचार झाला आहे या भरवशाचा होता. लवकरच ती शस्त्रक्रिया बंद पडली. या रोग्यांना परीक्षेचे खरे स्वरूप आधी सांगितलेले नव्हते, ही गोष्ट मात्र अनुचित होती. आज तसे करण्यास कायदा व नीती दोन्ही आड येतात.

यावरून योग्य परीक्षा कशी असावी, हे दिसते. दोन गट हवेत. कोणी कोणत्या गटात जावे, हे डॉक्टरने ठरवू नये. नाहीतर तो नकळत धडधाकट रोगी आपल्या आवडत्या उपचाराकडे धाडील. छापा की काटा करावा, म्हणजे दोन्ही गट सारखे होतात. आणि शक्य असेल तेथे रोग्याला व त्याचे मोजमाप घेणाऱ्याला कोणता उपचार झाला हे कळू देऊ नये.

अशा परीक्षांनी प्रथम एक गोष्ट निर्विवाद ठरवली. हृदयविकाराचा झटका आलेला असताना धमनी बंद पडलेली असते व स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. त्या वेळी गुठळी विरघळवणारे औषध द्यावे की तातडीने फुगा घालावा? अशा २३ परीक्षांतील ७,७३९ रोग्यांचा एकत्र हिशेब २००३ साली प्रसिद्ध झाला. औषध दिलेल्यांपैकी शेकडा नऊ जण थोड्याच काळात दगावले. फुग्याचा उपचार केलेल्यांपैकी शेकडा सात. शंभरांत दोन, हा फरक ऐकण्यास लहान वाटतो. पण ती दोन माणसे कोणाची तरी आईबापे असतात.

ज्यांना झटका आलेला नाही, केवळ चढण चढताना कळ येते, त्यांचे काय? त्यांची वाट मोकळी केली तर पुढचा झटका टळेल, असे रोग्यांना वाटे व पुष्कळ डॉक्टरांनाही वाटे. २००७ साली अमेरिका व कॅनडा येथील २,२८७ रोग्यांच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. निम्म्यांना उत्तम औषधे दिली होती. निम्म्यांना तीच औषधे आणि शिवाय स्टेंट. साडेचार वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले. मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण स्टेंटच्या गटात शेकडा १९ आणि नुसत्या औषधांच्या गटात शेकडा साडेअठरा निघाले. म्हणजे फरक नाहीच. वैद्यकाच्या जगात केवढी खळबळ उडाली! परीक्षाच सदोष असली पाहिजे, असे अनेकांनी म्हटले. म्हणून आणखी मोठी परीक्षा योजण्यात आली. ३७ देशांतील ५,१७९ रोगी तीत होते. भारतातील रोगीही होते. २०२० साली तिचा अहवाल छापून आला. झटका व मृत्यू यांच्या बाबतीत निष्कर्ष मूळचाच राहिला.

असे का व्हावे? याचे उत्तर नळाच्या त्या उपमेतच दडलेले आहे. उपमा सोपी आहे, पण पुरती खरी नाही. लोखंडी नळात गंज चढतो, तसा मेद धमनीच्या पोकळीत चिकटून बसत नाही. तो भिंतीच्या आत, अनेक ठिकाणी, कोठे जाड तर कोठे पातळ असा साचतो. जी जागा चित्रात सर्वांत अरुंद दिसते, तीच उद्या फुटेल असे नाही. पुष्कळदा जेथे वाट फारशी अडलेली नव्हती, असा एखादा मऊ थरच फुटतो आणि झटका येतो. स्टेंट एका जागेला आधार देतो. औषधे, व्यायाम आणि तंबाखूचा त्याग यांचा परिणाम साऱ्या भिंतींवर होतो.

तरीही एक समाधान उरत होते. झटका टळो वा न टळो, स्टेंटने छातीतील कळ तरी जाते, यात कोणास शंका नव्हती. इंग्लंडमधील डॉ. रशा अल-लामी व त्यांचे सहकारी यांनी तीही तपासून पाहण्याचे ठरवले. हे काम सोपे नव्हते. धमनी अरुंद झालेली दिसत असताना ती तशीच ठेवायची, हे अनेकांस क्रौर्य वाटले. परंतु या वेळी रोग्यांना सारे आधीच समजावून सांगितले होते, आणि त्यांच्या राजीखुशीनेच परीक्षा झाली. परीक्षेत २०० रोगी होते. प्रत्येकाला उपचाराच्या खोलीत नेले, गुंगी दिली, कानांवर संगीत ऐकू येणारी यंत्रे बसवली. मग चिठ्ठी निघे. निम्म्यांना स्टेंट बसवण्यात आला. निम्म्यांना काहीही न करता तेवढाच वेळ टेबलावर निजवून ठेवण्यात आले. पुढे त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही कोणाचे काय झाले हे सांगितले नाही. सहा आठवड्यांनी सर्वांना फिरत्या पट्ट्यावर चालवले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : स्टेंट बसवलेले रोगी पूर्वीपेक्षा सरासरी सुमारे २८ सेकंद अधिक चालले. न बसवलेलेही सुमारे १२ सेकंद अधिक चालले. मधले १६ सेकंद केवळ योगायोगानेही पडू शकतील इतके थोडे होते.

म्हणजे स्टेंट निरुपयोगीच काय? असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांनी केली. त्या डॉक्टरांनी केली नाही. हे सारे रोगी कळ शमवणारी भरपूर औषधे घेत होते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात होती. औषधांनीच काम केले असेल, तर स्टेंटला करण्यास उरले काय? म्हणून त्यांनी दुसरी परीक्षा मांडली. या खेपेस ३०१ रोग्यांची कळ शमवणारी औषधे बंद केली, आणि पुन्हा पूर्वीप्रमाणेच चिठ्ठ्या काढल्या. बारा आठवडे प्रत्येक रोगी त्या दिवशी आपली छाती दुखली की नाही, किती वेळा दुखली, हे रोजच्या रोज फोनवर नोंदवीत होता. आपल्या छातीत स्टेंट आहे की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. २०२३ च्या नोव्हेंबरात चिठ्ठ्या उघडल्या. स्टेंट बसवलेल्यांची कळ खरोखरच कमी झाली होती. चालण्याची शक्तीही वाढली होती. मात्र धमनी मोकळी होऊनही त्यांच्यापैकी पुष्कळांना अधूनमधून कळ येतच होती. वाट मोकळी असताना ती का यावी, याचा शोध आता चालू आहे.